पान सव्विसावरचं वाक्य

अध्यक्षस्थानी विराजमान आदरणीय महादेवप्पाजी, सत्कारमूर्ती बापूसाहेब सर, व्यासपीठावरील मान्यवर, समोर बसलेले पालक आणि मागे पत्र्याला पाठ लावून उभ्या असलेल्या माझ्या मित्रांनो, सर्वांना सलाम आणि नमस्कार.

माझं सगळं बदललं ती वेळ मला मिनिटासकट ठाऊक आहे. गेल्या महिन्यात, बुधवारी दुपारी सव्वाबाराला, बारावीच्या निकालात आपल्या क्लासच्या लुबनाच्या नंबरापुढे 'राखून ठेवला' असं मी वाचलं.

पण आजचा दिवस सरांचा. आपला क्लास लातूर सोडून नांदेडला चालला, तिथं तीन मजली इमारत तयार आहे. सरांचं अभिनंदन. मला नोट्सविषयी दोन शब्द बोलायला सांगितलंय. दोनाचे चार झाले तर अध्यक्षांनी सांभाळून घ्यावं.

मी मुज्तबा. भूकंपाच्या साली बी.ए.च्या दुसऱ्या वर्षाला होतो. मदतीच्या ट्रकवर बसून किल्लारीकडं गेलो, महिन्यानं परतलो, पण वर्गात बसवेना. कॉलेज सुटलं ते सुटलंच. सरांनी बोलावून घेतलं. म्हणाले, "इंग्रजी बरी हाय तुझी. नोट्स लिही. नाव माझं राहील." मी म्हटलं, हाव.

माझे अब्बा उदगीरला सुंभाच्या बाजा विणतात. त्यामुळं इंग्रजीतली जी क्रियापदं पोरांना सारखीच वाटतात, ती मला हातानं कळतात. सुंभाला पीळ दिला, तो ट्विस्ट. वेल खांबाभोवती वळत वर गेली, ते ट्वाइन. उभ्या दोऱ्यांमधून आडवा दोरा खालून-वरून काढला, ते वीव्ह. बाज, चटई, कापड. आणि तीन-चार पेड आळीपाळीनं एकमेकांवर टाकले, ते प्लॅट. पोरं लिहायची, 'तिने केस वीव्ह केले.' अरे, केसांचं लुगडं करता काय? हसा, हसा. तेव्हाही हसला होतात.

पान सव्विसावर प्रत्येक क्रियापदाचं एक वाक्य द्यायचं होतं. 'प्लॅट'साठी मी लिहिलं: तिसऱ्या बाकावरची मुलगी चार पेडांची वेणी घालते आणि शेवटी हिरवी फीत बांधते. चार पेडांची वेणी क्लासच्या या अख्ख्या पत्र्याच्या शेडात एकटी लुबना घालायची. नाव लिहिलं नाही. तेवढ्यालाच मी सभ्यपणा समजलो.

आपल्याकडं नोट्स वाचत नाहीत, पाठ करतात. परीक्षेत 'प्लॅट'चा वाक्यात उपयोग आला, आणि दोनशे बारा उत्तरपत्रिकांत तीच मुलगी, तोच बाक, तीच फीत! लुबनाच्या पेपरातसुद्धा. तपासणाऱ्यांना कॉपी वाटली, यात त्यांचं काय चुकलं?

बोर्डाच्या चौकशीत सरांनी एवढंच म्हणायचं होतं, की वाक्य आमच्या नोट्समधलं आहे. पाठ करणं गुन्हा आहे का? पण क्लासच्या नोट्समध्ये पोरीचं असलं वर्णन, हे कळल्यावर पालक काय म्हणतील? ॲडमिशन तोंडावर आलेल्या. सर म्हणाले, "आमच्या नोट्समध्ये असलं वाक्यच नाही." आदल्या दिवशीच त्यांनी सगळ्यांकडून पान सव्वीस गोळा करवून चुलीत घालायला लावलं होतं. संगप्पामामा, तुम्ही मान खाली घालू नका. तुम्ही शिपाई, हुकूम मानला.

आणि मागं उभे असलेले तुम्ही? सर म्हणाले, "गप राहा, निकाल लागेल," आणि तुम्ही गप राहिलात. चौकशीत 'ही मुलगी कोण?' विचारल्यावर मात्र नाव बरोबर सांगितलंत. जिचं वर्णन, तिनंच परीक्षेत चिठ्ठीवर वाक्य फिरवलं, असं ठरलं. दोनशे अकरा ताकीद घेऊन सुटले. ती अडकली.

तुम्हाला तरी काय बोलू? मी बाहेर व्हरांड्यात उभा होतो. आत गेलो असतो तर 'का लिहिलंस?' असं विचारलं असतं. मला लाज वाटली. माझ्या लाजेपायी तिचं वर्ष चाललंय.

परवा ती झेरॉक्सच्या दुकानापुढं दिसली, सोबत तिची आत्या, वहिदा फुफी. लुबनानं सरळ विचारलं, "ते वाक्य तुम्ही लिवलं?"

"हाव."

"पाठ करताना मला लई चांगलं वाटलं हुतं. आता भाईजान पुन्हा परीक्षेला बसू न्हाई म्हणून राहिले. तुमचं वाक्य झालं. माझं काय?"

फुफी म्हणाली, "चल गं. शायराला काय विचारतीस, त्याला कुठं निकाल लागतो!"

सर, कागद जळले, पण ज्यावरून ते पान छापलं, ते स्टेन्सिल माझ्याकडं आहे. मला ते फेकवलंच नाही. सोबत हा अर्ज: वाक्य माझं, नोट्स क्लासच्या, मुलीला यातलं काही ठाऊक नव्हतं. माझी सही झाली आहे. फेरचौकशीची मुदत आज पाचला संपते. आठवडाभर तुमच्या एका सहीसाठी हिंडतोय. आता सगळ्यांसमोर, तुमच्या हारांशेजारी ठेवतो. हे पेन.

घ्या ना, सर.

बरं. कोण म्हणालं, "पोरा, कार्यक्रमाचा इचका करू नको"? झालाय काका, केव्हाच. महादेवप्पाजी, आपण घड्याळ बघताय, मीही बघतोय. पावणेचार. अर्ज माझ्या एकट्याच्या सहीनं जाईल. लोक नावं ठेवतील, तिचा भाईजान मला शोधत येईल. येऊ द्या.

या शेडानं चार वर्षं मला बसायला जागा दिली, संगप्पामामांनी चहा पाजला, सरांनी पगार कधी थकवला नाही, सगळ्यांचे आभार. बोलण्यात उणंदुणं आलं असेल तर ते माझ्या माथी मारा, तिच्या नको. जेवणं सुरू करा, भाजी निवतीय. मी निघालो. दार ओढून घेतो. साक्षीला कुणाला यायचं असेल तर कडी तुमच्या बाजूला आहे.