साहेब निघाले, पाच मिन्टात पोचतेत

नाई, पण मी काय म्हंतो, खासदार माणसानं तीस वर्षांत एकदा तरी फोटो बदलावा का नाई? तुमीच सांगा राजेहो! सहा वेळा निवडून आले आमचे बाबारावसाहेब, सहा वेळा! पण ब्यानरवर फोटो तोच... काळे कुळकुळीत केस, ह्या एवढ्या मिशा, काळा चष्मा! अन् त्या फोटोपायी माह्या पोरीचं लग्न मोडता मोडता राह्यलं, काय सांगू तुमाले!

मी लहानू, पवनारचा, भाजीपाला लावतो. माह्या सोताच्या लग्नात साहेब आलते. तवा ते पह्यल्यांदाच उभे राह्यलते, कोणी वळखत नवतं. पंगतीत मांडी घालून बसले, वांग्याची भाजी मांगून मांगून खाल्ली अन् जाता जाता म्हणाले, "लहानू, तुह्या पोरीच्या लग्नालेबी येईन!" पोरगी? अबे, नव्या नवरीनं, सीताबाईनं, अजून माह्या तोंडाकडं धड पाह्यलं नवतं! पण मी तो शब्द पकडून बसलो. सहाही वेळा घसा फाटेपर्यंत प्रचार केला. साहेबानं पूल आणला, रस्ते आणले, लोकसभेत कापसावर असे बोलले का विचारू नका! एकदा टीव्हीवर डोळे मिटून दिसले, त गावातले पोट्टे हासाले लागले. म्हटलं, "झोपले नाई बे, विचार करून राह्यले!" मंग या वेळेस पक्षानं तिकीट कापलं अन् साहेब घरी बसले. म्हटलं, खासदारकी गेली, शब्द काऊन जाईन?

म्हणून सरिताच्या लग्नात समोर लाल सोफा मांडला, खास साहेबासाठी! मांगं त्याईचा ब्यानर. अख्ख्या गावाले सांगून ठेवलं, साहेब येतेत! नवरदेवाचे वडील तानबाजी, अल्लीपूरचे, मास्तर माणूस, घड्याळ पाहून शिंकणारा... त्यायलेबी सांगितलं. लग्न अकराचं. आता आपल्या बौद्धायच्या लग्नात मुहूर्त नाई, थोडं थांबलं त काय बिघडते? पण भन्तेजी! लग्न लावाले आलेले भिक्खू ते, बारानंतर जेवत नाई ना! म्हंजे बाराच्या आत लग्नबी लागलं पाह्यजे अन् त्याईचं भोजनबी झालं पाह्यजे.

अकरा वाजले. साहेबाचा पीए प्रफुल्ल, त्याले फोन लावला. त्याचा तो नाकातला आवाज, "साहेब निघाले, पाच मिन्टात पोचतेत!" राजेहो, हा माणूस तीस वर्षांपासून हेच सांगून राह्यला! साहेब दिल्लीत असो का आंघोळीत असो, "निघाले, पाच मिन्टात पोचतेत!" तरी मी आपला रस्त्याकडं डोळे लावून उभा... आता गाड्या येतीन, धुरळा उडन, फटाके फुटतीन...

तेवढ्यात पाहतो त काय, सोफ्यावर एक बुढा बसला! आटोतून उतरलता. पांढरं डोक्सं, मिशा नाई, हातात कापडी पिशवी, अन् माह्याकडं पाहून हासून राह्यला! म्हटलं, "बाबाजी, उठा उठा! ही जागा साहेबाची हाय!" तो म्हणे, "हो का?" म्हटलं, "मंग! खासदार येऊन राह्यले!" उठला बिचारा. बाजूच्या खुर्चीवर टेकला. म्हटलं, "तिथंबी नाई, ते कार्यकर्त्यायचं हाय! रिकामेच हायेत, त जरा सैपाकाकडं पाहा!" गेला गा, चुपचाप गेला!

साडेअकरा. पुन्हा फोन. "साहेब निघाले, पाच मिन्टात..." अरे पण कवाचे निघाले बावा? तिकडं तानबाजी तापले, "लहानूजी, लग्न लावता का वरात वापस नेऊ?" सीताबाई वेगळीच ओरडून राह्यली, "अवं, भन्तेजी उपाशी राह्यतीन ना! त्या सोफ्याचं लग्न लावता का?" अन् सरिता... पोरगी उठून आली, डोळ्यात पाणी, म्हणे, "बाबा, तुमाले जावई पाह्यजे का खासदार?" मी त्या रिकाम्या सोफ्याकडं पाह्यलं. इज्जतीसाठी सोफा मांडला, अन् इज्जत चालली सोफ्यापायी!

तेवढ्यात सैपाकाकडून तो बुढा निघाला. बाह्या वर केल्या, हातात ताट. भन्तेजीसमोर वाकला, "भन्तेजी, तुमी पह्यले भोजन घ्या. पंचशील घ्याले दिवस पडला हाय." भन्तेजी बसले! मंग तानबाजीच्या खांद्यावर हात टाकला, "गुरुजी, बारीक वांगं हाय, गरम पोळी हाय, कायची घाई करता?" अन् तानबाजी... बसले ना बाप्पा! दोन मिन्टात मंडप थंडा! मी पाहतच राह्यलो. अशी समजूत काढणारा हा बुढा हाय तरी कोण?

त तो म्हणे, "लहानू, वांग्याची भाजी तुह्या लग्नातल्यासारखीच हाय गा."

राजेहो, माह्या लग्नातली भाजी याले कशी ठाव! एकदा ब्यानरकडं पाहतो, एकदा बुढ्याकडं. "साहेब... तुमी? अन् मिशा?" म्हणे, "तिकीट गेलं, त म्हटलं आता कलपबी कायले अन् मिशाबी कायले!" म्हंजे प्रफुल्ल जिंदगीत पह्यल्यांदा खरं बोलला, अन् त्याच दिवशी मले पटलं नाई! मी पायच धरले, "साहेब, मी तुमाले खुर्चीवरून उठवलं हो!" हासले साहेब, "अरे, विरोधकायनं तीस वर्षं जोर लावला त्याच्यासाठी. तू एका मिन्टात उठवलं. तुलेच उभं कराले पाह्यजे होतं माह्या विरोधात!"

लग्न लागलं. झोकात लागलं! सरिता अन् नवरदेव अश्वजित, दोघंबी साहेबाच्या पाया पडले. मी माइक हातात घेतला, "हे पाहा, आपले साहेब!" त पब्लिकनं ब्यानर पाह्यला, बुढा पाह्यला, अन् हासून लोटपोट! मांगून कोणीतरी ओरडलं, "लहानू, साहेब नाई भेटले त कोणालेबी उभं करतं काय बे?"

आता अल्बम आला हाय. जो येते तो तेच विचारते, "काऊन लहानू, साहेब नाई आले ना शेवटी?" मी फोटोवर बोट ठेवतो, "हे काय, मधात उभे हायेत!" त म्हंते, "हा? हा त सैपाकी हाय ना! यानंच त मले भाजी वाढली!"

किती जणायले समजावू? थकलो राजेहो. आता कोणी विचारलं का मी सरळ रस्त्याकडं पाहतो अन् सांगतो, "निघाले हायेत बाप्पा... पाच मिन्टात पोचतेत."