शनिवारी शाळा ओढायची आहे

चिलीतल्या चिलोए बेटाच्या धक्क्यावर धुकं होतं. होडीच्या रांगेत माझ्यापुढे बेटावरच्या शाळेतल्या एर्मेलिंदाबाई आणि म्हातारे बेलार्मिनो उभे होते.

"शिक्षण खात्याच्या साहेबापुढे काय बोलणार, बाई?"

"आकडे पाठ केलेत. मुलं सातच, तरी शाळा बंद करू नका."

"आकड्यांनी त्याला झोप येईल. आपल्याकडे अख्खं लाकडी घर ओढून दुसरीकडे हलवायला माणसं कशी बोलावतात?"

"दारोदार जाऊन. बैल घेऊन या, जेवण आमच्याकडे, असं म्हणत."

"तसंच बोलवा त्याला. म्हणावं, समुद्र शाळेच्या पायरीशी आलाय. शनिवारी शाळा ओढून टेकडीवर नेतोय, मुलं खिडक्यांत बसून गाणार आहेत."

"आणि बंद करू नका, हे कधी म्हणू?"

"म्हणूच नका. ओढायचा दोर त्याच्या हातात द्या."

"तेवढ्यानं काय होतंय, आजोबा?"

"माझं घर ज्यांनी ओढलं ना, ते चाळीस वर्षांनीही विचारतात, आपलं घर कसं आहे?"