नुसता रस्सा घेते म्हणलं

आधी तारीख टाका. आज रविवार, दहा तारीख, दुपार. हजर कोण तेही लिहा: मी कांता, अंगणवाडीची टीचर, बाजेवर माझ्या सासूबाई, दाराशी बकऱ्या बांधून राह्यले ते आमचे मालक, अन् मी सांगते ते लिहून घेणारे तुमी. गैरहजर एकच, माझ्या पोरीची सासू, माझी विहीण, अन् सारी गोष्ट तिचीच आहे.

माझा जन्म वांकिडीकडच्या खेड्यातला. बाप दुसऱ्याच्या वावरात मजुरीले जाये, घरी चार बकऱ्या, अन् त्याइचे गोचीड काढायचं काम माझं. बोटानं उपटायचा, घासलेटच्या डब्यात टाकायचा. एखादा आपल्यालेच चिकटे, पोटरीले, कमरेले, मग महिनाभर खाजवत बसा. शिकली, नोकरी लागली, इकडे सून म्हणून आली, बकऱ्या इथंही, गोचीड इथंही, अन् काढणारी मीच.

काय सांगू तुमाले, तीन वर्सं झाली असतील, संध्याकाळी अंगावर गांधी उठू लागली. ओठ सुजत, पोटात मुरडा पडे. सासूबाई म्हणे वांग्यानं होते, बंद कर वांगं. बंद केलं, परसातली वांगी साऱ्या गल्लीले वाटली, तरी गांधी उठतच राह्यली. अशक्तपणा आला म्हणून आत्याबाईनं, म्हणजे या सासूबाईनंच, सकाळपासून चुलीवर बकऱ्याचे पाय शिजवले, दुपारी मायेनं रस्सा पाजला, अन् पाच वाजता मी अंगणात चक्कर येऊन पडली. त्या आताही म्हणते, पाजलं नसतं तर मेलीच असती. नाई का हो आत्याबाई? पाहा, हसून राह्यल्या.

मले रजिस्टरची सवय. पोराचं वजन, उंची, डोस, साऱ्याची वही असते, मग आपल्या अंगाची काऊन नको? रकाने पाडले: काय खाल्लं, किती वाजता, काय झालं. अन् वहीनंच दाखवलं, आमी संध्याकाळचं ताट तपासून राह्यलो होतो अन् चोर बसला होता दुपारच्या ताटात. दर खेपेले मटण, अन् चार-पाच तासानं गांधी. कोंबडीनं नाई, मासोळीनं नाई.

एका डॉक्टरनं वही न उघडता खाजेच्या गोळ्या दिल्या. दुसऱ्या डॉक्टरीणबाईनं पान न् पान वाचलं अन् विचारलं, गोचीड चावते का? म्हणलं, मॅडम, बकऱ्या आहे, चावणारच. रक्त हैदराबादले पाठवलं. लाल मांसाची ॲलर्जी निघाली. गोचीड चावून चावून अंगानं मटणाशी दुश्मनी धरली, असं त्याइनं समजावलं. बकरी, मेंढी, डुक्कर, मोठ्या जनावराचं, सारं बंद, चरबी बंद, रस्सा बंद, मटणाची पळी दुसऱ्या भाजीत बुडवायची नाई, कॅप्सूलचं टरफलही जनावरापासून बनते, विचारून घ्या, अन् पुन्हा गोचीड चावू देऊ नका. श्वास अडला तर घरी बसायचं नाई. सारं लिहून घेतलं.

अन् ते लिहिलेलं पर्समध्ये ठेवून मी पोरीच्या सासरी पहिल्या जेवणाले गेली. आमच्यात चाल आहे, पहिल्या जेवणाले बोकड कापायचा अन् विहिणीनं विहिणीले आपल्या हातानं वाढायचं. ती मटणाचा गंज अन् पळी घेऊन उभी. घ्या ना विहीणबाई, का आमच्या हातचं चालत नाई? पंगत माझ्याकडे पाहून राह्यली. मी म्हणलं, दात दुखते, फोडी नको, नुसता रस्सा घेते. एवढी मी वहीवाली!

परततांना बसमध्ये घसा आवळला. मालकानं बस थांबवून दवाखान्यात नेलं, इंजेक्शन दिलं, वाचली. पण गावात बोभाटा झाला, विहिणीच्या घरचं खाऊन पडली. कोणी म्हणे मटण शिळं, कोणी म्हणे काहीतरी घातलं. अन् मी चूप. खरं सांगावं तर माहीत असून खाल्लं हे सांगावं लागते. मागच्या महिन्यात पोरगी फोनवर म्हणे, आई, सासूबाई आता कोणालेच वाढत नाई. पाहुणे आले की म्हणते, सूनबाई तूच वाढ, माझ्या हाताले नाव पडलं. त्या दिवसापासून मन ठिकाणावर नाई. गॅसवर दूध ठेवते अन् विसरते. विसरणारी मी नाई हो.

येत्या रविवारी इथं पोरीचं डोहाळजेवण आहे. सारे येतील, तीही येईल. पाहा यादी. कोंबडी सांगितली. पळ्या वेगळ्या. सतरंज्या आणल्या. बकऱ्याइले गोचिडाचं औषध मारलं, मी नाई, मालकानं, हातमोजे घालून. साऱ्यासमोर रिपोर्ट दाखवून तिच्याच हातून माझं ताट वाढून घ्यायचं, हेही लिहिलं. तिच्या हाताले बरकत असो, चांगलीच आहे ती बाई. पण त्याच्या आधी तिले फोन करून खरं सांगायचं. ही ओळ मी चार पानं पुढं पुढं उतरवत आली. फोन इथंच आहे, नंबर काढून ठेवला. त्या ओळीपुढं झाल्याची खूण नका करू अजून.