आकडा मी वाचणार नाही

नाही काका, आकडा मी वाचणार नाही. टाइप करून पाठवणं तर लांबच. — हलू नका हो, वस्तरा गालावर आहे, उगाच माझ्यावर आळ यायचा. चष्मा तुमचा आरशाखाली, तोंडभर फेस, म्हणून फोन माझ्या हातात दिलात, ‘बघ रे काय वाजलं’ म्हणालात. बघितलं. वाचूनही दाखवलं. जावईबापूंचा मेसेज — ‘बाबा, माझा एक कोड चुकून तुमच्या नंबरवर आलाय, लगेच पाठवा, घाई आहे.’ आणि खाली तो कोड, आलेला. इथवर माझं काम झालं. आता तुम्ही म्हणता पाठव. नाही पाठवत.

रागावलात? रागवा. बोटाने काय दाखवताय — दार? दुकान माझं, दार मलाच दाखवता होय! अहो, कोड कधी चुकून येत नसतो. तुम्ही हार्डवेअरवाले, कुलपं विकता ना? कुणी आलं, ‘माझी किल्ली चुकून तुमच्या खिशात गेलीय, द्या’ म्हणालं, तर देता? आधी बघाल, किल्ली कुणाच्या घराची ती. ही तुमच्याच घराची आहे — तो कोड तुमच्या मेसेजच्या खात्याचा. कोडसोबत लिहिलंयही — कुणालाही सांगू नका. कुणालाही म्हणजे जावयालाही. — ठाऊक आहे हो, तुम्ही जावयाला आजवर कधी नाही म्हटलेलं नाही, अख्ख्या गल्लीला ठाऊक आहे. म्हणून तर त्या चोराचं फावलं! — हो, चोर. चोरच म्हणालो. हा तुमचा जावई नाहीच. त्यांचं मेसेजचं खातं सकाळीच कुणीतरी पळवलंय, धाकटीने मला —

हं.

धाकटी म्हणजे... तुमचीच. दुसरी कुठली असणार? आता सुटलंच तोंडातून, तर ऐका. सकाळपासून घरचे सगळे तुम्हाला फोन करतायत आणि तुमचा फोन इथे येईपर्यंत मुका, दुकानाच्या गल्ल्यात. मिस्ड कॉल बघा किती ते. मग तिने मला कळवलं — बाबा आज दाढीला येतील, त्यांना सांग. सांग म्हणे! कसं सांगू? ‘तुला कोण बोललं’ हा तुमचा पहिला प्रश्न. दोनदा साबण लावला तुम्हाला, लक्षात नाही आलं? शाळा अर्ध्यात सोडलेला माणूस मी, चारचौघांत धड बोलता येत नाही, तुमच्यासमोर तर आवाजच फुटत नाही. माझ्या मावशीला पाठवणार होतो रीतसर, मागणी घालायला. फेसातल्या माणसाला असली गोष्ट सांगतात का कुणी? पण काय करू — गुपचूप पाठवला असता कोड, तर ‘पोरगं आज्ञाधारक आहे’ म्हणाला असतात, आणि दुपारच्या आत तुमच्या नावाने गावभर मेसेज — ‘अडचणीत आहे, पैसे टाका.’ तुमच्या शब्दावर माल देणारी माणसं ती, डोळे मिटून पैसे पाठवतील! मग कुठल्या तोंडाने दुकान उघडाल? असा लाडका होण्यापेक्षा मी नावडता बरा. आणि हो, बोलतो आम्ही. लपवलं ते चुकलं असेल, बोलतो ते नाही चुकत.

हा चष्मा. हा फोन. माझ्यावर विश्वास नका ठेवू, जावयाला विचारा — मेसेज नाही, सरळ फोन लावा, आवाज ऐका. ... लागला? ... खातं सकाळीच गेलं म्हणतायत ना? ... बरं. ... बरं.

थांबा, उठताय कुठे, एक गाल राहिलाय. असे बाहेर पडलात तर दोघांचंही हसं. मान वर. — हं, झालं. आता तो मेसेज तसाच राहू द्या, उत्तर देऊ नका. आणि खात्याला वरून एक पिन लावून टाका, इथे — ‘दुहेरी पडताळणी’ लिहिलंय ना, तिथे. जन्मसाल नको, दुकानाचा नंबर नको. मला दाखवू नका! मी वळतो तिकडे. मलाही नाही सांगायचा, काका. पुढेमागे कुठल्याही नात्याने मागितला तरी नाही.

पैसे ठेवा. नाही, आज घेणारच. फुकट केली तर बाहेर जाऊन म्हणाल, आत्तापासूनच घरचा समजायला लागला. बाकी जे बोलायचं ते मावशी येईल तेव्हा तिच्याशी बोला. उद्याच येईल. नाही म्हणायचं असेल तर खुशाल नाही म्हणा — जावयाला नाही म्हणायची सुरुवात तर आज झालीच आहे तुमची.

चला, पुढचे कोण? या, बसा.