थोरल्याच्या सह्या

आठ शनिवार भरले, की आजींना धाकटा मुलगा मनोरुग्णालयातून घरी न्यायला मिळणार होता. सौदा वाईट नव्हता. अट एवढीच, की नातेवाइकांच्या वर्गाला घरातल्या दोघांनी बसायचं. मीही माझ्या माणसासाठी त्याच वर्गाला. बाकावर माझ्या शेजारी त्या, आणि समोर हजेरीची वही घेऊन वर्गाच्या बाई.

"आजी, थोरल्याच्या आठही सह्या तुमच्याच अक्षरातल्या."

"त्याला सवड कुठली? घरी जाऊन मीच शिकवते की त्याला."

"काय शिकवलंत?"

"धाकट्याला आवाज ऐकू आले तर हसायचं नाही. गोळी गिळेपर्यंत समोर थांबायचं."

"मग थोरला काय म्हणतो?"

"टीव्ही मोठा करतो."

"आत्ता कुठे आहे तो?"

"फाटकाबाहेर, गाडीवर. मला न्यायला आलाय."

"मग बोलवा ना आत!"

"आत ये म्हटलं, तर मला सोडायलाही यायचा नाही."

"एकट्या तुमच्यावर कसं सोडू हो धाकट्याला?"

"मग माझंच नाव दोनदा लिहा, बाई. मी दोनदा बसते."

"आठ शनिवारांचा हा तुमचा तिसरा वर्ग, आजी. चौथा पुढच्या शनिवारपासून."

"लिहा. दोघांची नावं लिहा."

आजींचे चोवीस शनिवार गेले, थोरल्याचा एकही नाही. आणि त्या प्रत्येक शनिवारामागचा आठवडा धाकट्याने रुग्णालयात काढला.