आतली कडी

(शाळेतल्या तांदळाच्या जुन्या खोलीचं बंद दार. आत बन्सीधर सर आणि एक मुलगा. बाहेर मुलाचा बाप.)

सुग्रीव : आता सांगणं संपलं मास्तर. दार उघड, न्हाईतर दारासकट तुला तोडतो.

बन्सीधर : सुग्रीवराव, आधी तो कोयता खाली ठेवा.

सुग्रीव : कामून? अर्धा हंगाम ऊस तोडून आलाय त्यो. धार बगायची का तुला? हे घे.

बन्सीधर : दारावर घाव घालू नका. हवं तर तुमच्या पाया पडतो.

सुग्रीव : आता पाया पडायलास. माज्या लेकराला कोंडताना कुटं गेलती ही अक्कल?

बन्सीधर : मी कोंडलेलं नाही. तुम्ही व्हरांड्यात ओरडत आलात, माझ्या खांद्यावर कोयत्याचा दांडा घातलात, तेव्हा योगीराज घाबरून या खोलीत पळाला. मी त्याच्या मागोमाग आत आलो. कडी त्यानं लावली.

सुग्रीव : ज्याला पानी म्हणता येत न्हाई त्यो कडी लावतोय. पुन्ना सांग.

बन्सीधर : पाणी म्हणता येत नाही, पण कडी लावता येते. दोन्ही खरं आहे.

सुग्रीव : शिकलेल्या मान्साची जबान लय गोड. शेजारच्या पप्पूनं सगळं सांगितलं मला. सर त्याला तांदळाच्या खोलीत टाकतेत, खिडकीला पोतं लावून अंधार करतेत. आन त्याच्या गळ्यात पाट्या अडकवल्यात, बाजारातल्या बैलावानी. हे घे पाट्यांचं. आन हे अंधाराचं.

बन्सीधर : थांबा.

सुग्रीव : आत काय वाजलं?

बन्सीधर : थांबा, सुग्रीवराव. एक शब्द ऐका.

सुग्रीव : आत धप्प वाजलं. मी हितं उभा असताना तू माज्या पोराला आपटायलास? माज्या कानादेखत?

बन्सीधर : मी हात लावलेला नाही. तो...

सुग्रीव : आज तुजी मयतच हाय. हे घे. हे घे.

बन्सीधर : अहो, तुम्ही दारावर एक घाव घालता आणि तो भिंतीवर एकदा डोकं आपटतो. तुमचे घाव मोजतो आहे तो.

सुग्रीव : खोटं.

बन्सीधर : मग हात आवरा आणि ऐका. फक्त ऐका.

सुग्रीव : ... काय न्हाई वाजत.

बन्सीधर : वाजणार नाही. आता दारावर बोटानं टकटक करा. कोयत्यानं नव्हे, बोटानं.

सुग्रीव : मला शिकवू नकोस. तू आत हायस. मी वाजवलं की तू त्याला ढकलशील आन म्हणशील, बगा, आपटलं. मी काय येडा हाय? काल राती घरी आलो, टोपी-सदरा काढला त्याचा. कपाळावर काळं-निळं. मनगटावर दातांचे वण. ह्यो मार कुणाचा? आमच्या घरात मारणारं कोण हाय? म्हातारी?

बन्सीधर : दातांचे वण त्याच्याच दातांचे आहेत. गोंगाट वाढला की तो स्वतःला चावतो. त्यासाठीच ही खोली. तांदूळ हलवला, पोतं लावलं, गोधड्या अंथरल्या. विशेष शिक्षिका निकिताबाई तालुक्याहून येतात, त्यांनी दाखवलं तसं केलं. शाळेत घंटासुद्धा वाजवत नाही आम्ही. लाल झेंडी दाखवली की मुलं सुटतात. पाट्या म्हणता ना तुम्ही? ती चित्रं आहेत. पाण्याचं, जेवणाचं, संडासाचं. एक 'बस झालं' म्हणायचं. तो बोट ठेवतो आणि आम्हाला कळतं.

सुग्रीव : तोंड हाय तुला म्हनून बोलायलास.

बन्सीधर : बरं, माझं ऐकू नका. दार बघा. तुमच्या बाजूला कडी आहे का?

सुग्रीव : न्हाई.

बन्सीधर : कोयंडा?

सुग्रीव : न्हाई. भोकं हायत नुसती.

बन्सीधर : स्क्रूची भोकं. कोयंडा मी माझ्या हातानं काढला. ही खोली बाहेरून बंद होतच नाही. ज्याला कोंडायचं आहे तो माणूस कडी आतून कशाला ठेवील?

सुग्रीव : मला माजं लेकरू दे. जीप उभी हाय चौकात. उसाच्या फडावर नेतो त्याला. माज्या डोळ्यांम्होरं राहील. तुमची शाळा तुमाला लखलाभ.

बन्सीधर : फडावर ट्रॅक्टर आहेत, गाड्या आहेत, माणसांची आरडाओरड आहे...

सुग्रीव : दार उघड म्हणलं ना.

बन्सीधर : मारू नका...

सुग्रीव : पुन्ना वाजलं. पुन्ना आपटलास. आता तुला जित्ता सोडत न्हाई.

बायनाबाई : सुग्र्या. ये सुग्र्या. टाक त्यो कोयता. लेकरू मारतूस का?

सुग्रीव : माय, तू घरी जा. मी न्हाई, ह्यो मास्तर मारायलाय. कान लावून बग. आत आपटायलाय.

बायनाबाई : सर कशाला आपटतेत? तुज्या दणक्यानं आपटून घ्यायलाय त्यो. दिवाळीला असंच केलतं. गल्लीतल्या पोरांनी बाण उडवले आन ह्यानं उंबऱ्यावर कपाळ फोडून घेतलं. डोळे पांढरे झालते. ह्या सरांनी फटफटीवर घालून परभणीला नेला.

सुग्रीव : दिवाळीला? मी फोन केलता तवा म्हणलीस, ब्येस हाय, लाडू खायलाय.

बायनाबाई : म्हणले.

सुग्रीव : कामून म्हणलीस?

बायनाबाई : तू त्याला फडावर नेला असतास म्हनून. तिकडं कोण सांबाळतंय त्याला? आवंदा पयल्यांदा त्यो ताटावर बसून जेवायलाय, सुग्र्या. शाळेत सगळ्यांच्या रांगेत बसून. त्याच्या वर्गातली शिवकन्या शेजारी बसती, त्याच्या पुढं चित्र धरती. तुला हे सांगितलं असतं तर पटलं असतं का? तुला कपाळच दिसलं असतं.

सुग्रीव : आन डाक्टर काय म्हणला?

बायनाबाई : पुन्ना तिथंच मार बसला तर जगंल का न्हाई, भरवसा न्हाई म्हणला. आता घाल की घाव.

बन्सीधर : बायनाबाई, हळू बोला. दोघंही हळू बोला. आता आवाज बदलला, लक्षात आलं का?

सुग्रीव : मऊ यायलाय. धप्प न्हाई.

बन्सीधर : भिंत आणि त्याचं कपाळ यांच्यामध्ये माझा हात आहे. तुम्ही थांबलात, पण तो लगेच थांबत नाही. सुरू झालं की बराच वेळ चालतं.

सुग्रीव : हात... लागत असंल की.

बन्सीधर : दोन बोटं मोडली असावीत. ते राहू द्या. हा हात फार वेळ टिकणार नाही. दुसऱ्या हातानं त्याला धरून ठेवलं आहे; सोडलं तर सरळ दारावर धाव घेईल. तुम्हाला आत यावं लागेल.

सुग्रीव : मंग कडी काढा ना सर. मी कोयता टाकला. हे बगा... माय, तू घे, लांब ठेव.

बायनाबाई : आण, हळू ठेवते, वाजू न देता.

बन्सीधर : कडी निघत नाही. पायानं रेटून पाहिली. तुमच्या घावांनी ती वाकली आणि चौकटीत रुतली.

सुग्रीव : एकच हिसका देतो. दार निघंल.

बन्सीधर : एक हिसका त्याला पुरेसा आहे.

सुग्रीव : मंग?

बन्सीधर : शांतपणे ऐका. दार बाहेरच्या बाजूला उघडतं. बिजागऱ्या पट्टीच्या आहेत, म्हणून त्यांचे स्क्रू तुमच्याकडून दिसतात. ते काढायचे. आधी खालची पट्टी, मग वरची; वरची आधी सुटली तर फळी कलंडेल आणि आवाज होईल.

सुग्रीव : कशानं काढू?

बन्सीधर : कोयत्याच्या टोकाची कड खाचेत बसते का ते पाहा.

सुग्रीव : माय, आण त्यो. ... बसायलीय. पर गंजलंय. फिरवलं की कुरकुर करील.

बन्सीधर : खिचडीच्या खोलीत गोडेतेल आहे.

बायनाबाई : आणते. पायातल्या वहाणा काढूनच जाते.

सुग्रीव : सर.

बन्सीधर : बोला. हळू.

सुग्रीव : खांद्यावर दांडा लागला त्यो कितपत हाय?

बन्सीधर : आता विचारू नका. स्क्रूकडे लक्ष द्या.

बायनाबाई : हे घे तेल. बोटानं सोड. ओतू नको. तुला कंदी एक काम हळू करता आलंय?

सुग्रीव : माय, टोमणे मागनं मार. फिरायलाय... एक निघाला.

बायनाबाई : पदरात टाक. खाली टाकशील तर वाजंल.

बन्सीधर : थोडं लवकर जमलं तर बरं. हात बधिर होतो आहे.

सुग्रीव : खालची पट्टी सुटली. माय, तू फळीला खांदा लाव. हलू देऊ नको.

बायनाबाई : लावला. सुग्र्या, ते बग कोण यायलंय.

सुग्रीव : टोळीचा जीपवाला सटवाजी. जीप घिऊन हितंच यायलाय बेकूफ. हॉर्न मारील त्यो फाटकापाशी. मारल्याबिगर थांबतच न्हाई.

बन्सीधर : हॉर्न वाजता कामा नये.

सुग्रीव : माय, फळी मी धरतो एका हातानं. तू पळ. हात आडवे करून जीपच्या म्होरं हुबी राहा. म्हणावं, हॉर्नला बोट लावलंस तर बोट तोडीन. सुग्रीवनं सांगितलंय म्हण. बाकीची मान्सं आली तर त्यास्नीबी हेच.

बायनाबाई : आन त्यो म्हणला, चल, टोळी थांबलीय, तर?

सुग्रीव : म्हणावं, जा. मी न्हाई यायचा. लेकरूबी न्हाई.

बायनाबाई : नक्की सांगू असं?

सुग्रीव : पळ ना माय.

बन्सीधर : सुग्रीवराव, पुन्हा जोर वाढला त्याचा. इंजिन ऐकू आलं असावं.

सुग्रीव : शेवटचा स्क्रू हाय सर. फिरायलाय. दम धरा... बंद पडली जीप. मायनं थांबवली. निघाला. निघाला सर. फळी कशी सरकवू?

बन्सीधर : उचलून बाजूला. फरशीवर घासू नका. कडीच्या बाजूनं आपोआप सुटेल.

सुग्रीव : उचलली. ... देवा. भितीला रगत हाय.

बन्सीधर : माझं आहे. ते बघू नका, इकडे बघा. उभे राहून येऊ नका, त्याला सावली भिववते. बसून पुढे सरका.

सुग्रीव : सरकायलोय. योग्या...

बन्सीधर : नाव घेऊ नका. नुसते या. त्याच्या पाठीमागं बसा. छाती त्याच्या पाठीला टेकवा. आणखी. तो दाब त्याला बरा वाटतो.

सुग्रीव : थरथरायलंय लेकरू. कापऱ्या बैलावानी.

बन्सीधर : आता तुमचा उजवा हात माझ्या हातावर ठेवा, तळवा त्याच्या कपाळाकडे. मी माझा हात खालून काढून घेतो. मध्ये फट राहू देऊ नका.

सुग्रीव : ठेवला. काढा तुमचा. ... आई गं. लय जोर हाय ह्याच्यात.

बन्सीधर : अडवू नका. झेला फक्त.

सुग्रीव : झेलायलोय. किती येळ करतंय असं?

बन्सीधर : थांबेल तेव्हा थांबेल. कमी झालं का?

सुग्रीव : कमी झालं जरा. मान वळवायलाय... सर, चावला. अंगठ्याला धरलंय. सोडंना.

बन्सीधर : हात ओढू नका.

सुग्रीव : न्हाई ओढत. पर रगत यायलंय.

बन्सीधर : त्याचं की तुमचं?

सुग्रीव : माजं.

बन्सीधर : मग राहू द्या हात.