समोरची जागा

कॉलेजचं पोरगं दिसलं की तू दुकानात आत काऊन घुसतो, असं तुम्ही मला नेहमी विचारता. आज सांगूनच टाकतो.

सातवीत शाळा सोडून मी सायकल दुरुस्तीचं दुकान टाकलं, हे तुम्हाला ठाऊकच आहे. दुकान चांगलं जमल्यावर काही वर्षांनी कॉलेजात नवीन सर आले. ते मुलांकडून धंद्याची योजना लिहून घेत, तीही खऱ्या दुकानदाराला विचारून. बाजारातले शेठ पोरांना हाकलून देत. मला नाही म्हणता येत नाही, म्हणून सगळे माझ्याकडे.

देवरीचा एक पोरगा तर रोज येऊन बसायचा. ट्यूब कुठून आणता, बिरसीचे लोक बाजाराच्या दिवशी सायकली तुमच्याकडेच कायले ठेवतात? मी सगळं खरं सांगितलं. बोलून बोलून जीव थकला.

एक दिवस तो खुशीत आला. "भाऊ, सरांना योजना बहुत आवडली. आज वर्गात वाचायची आहे. बाबा पैसेही देऊन राहिले. तुमच्या समोरचीच जागा घेतली."

मी रस्त्यापलीकडच्या त्या जागेकडे पाहिलं.

"सर म्हणाले, कामाचा जाणकार माणूस पाहिजे. तुम्ही पगारावर या ना."

"मग माझ्या दुकानात कोण बसन?"

"त्याची फिकर नको, भाऊ. योजनेत तुमचं दुकान दुसऱ्या वर्षी बंद होऊन जाते."

एवढं बोलून तो निघाला, तर त्याच्या सायकलचं मागचं चाक पंक्चर. वर्गाला उशीर होऊन राहिला होता. तो माझ्याकडे बघत उभा राहिला.

काय करता? पंक्चर काढून दिलं.